पंचाहत्तर सेंटिमीटरचा हट्ट

सांगलीला वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला असताना ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स’च्या पेपरात प्लेट किती वाकेल हा प्रश्न मी कधी सोडला नाही. दाब किती, लांबी-रुंदी किती, जाडी किती, एवढं नीट मांडलं की पुढचं सूत्र सांभाळून घेई. त्या सूत्रात जाडीचा घन येतो. म्हणजे १५ मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटरची प्लेट घेतली, तर वाकणं निम्म्याहूनही खाली येतं. हे मला विसाव्या वर्षी माहीत होतं. पस्तिशी ओलांडल्यावर टोकियोत स्वतःच्या पैशानं प्रवाळांसाठी अ‍ॅक्रिलिकची टाकी बनवून घेताना ते आठवलं नाही, असं म्हणायची सोय नाही. आठवलं होतं. टाकी दिवाणखान्यात दिसेल कशी, हे जास्त आठवत होतं.

सुरुवात ओकिनावात झाली. २००७ साली सुट्टीत चुराउमी मत्स्यालय बघायला गेलो. २००२ साली उघडलेलं हे मत्स्यालय. तिथल्या कुरोशिओ टाकीत ७,५०० घनमीटर पाणी आहे आणि त्यात देवमाशाएवढे व्हेल शार्क फिरतात. समोरचा अ‍ॅक्रिलिकचा पडदा २२.५ मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातल्या निप्पुरा या कंपनीनं तो बनवला. पुढे २००८ साली दुबईच्या मॉलमधल्या टाकीनं त्याचा विक्रम मोडेपर्यंत जगात एवढा मोठा पडदा दुसरा नव्हता. इतक्या जाडीची काच केली तर ती हिरवट दिसते. अ‍ॅक्रिलिक मात्र पाण्यासारखं स्वच्छ राहतं, कारण त्यातून जवळजवळ ९२ टक्के उजेड पार होतो आणि थरावर थर जोडले तरी सांधा दिसत नाही. मी त्या पडद्यासमोर बराच वेळ उभा होतो. परत येताना डोक्यात ८.२ मीटर उंची घेऊन आलो. ६० सेंटिमीटर जाडी ओकिनावातच राहिली.

जपानमध्ये टाक्यांची मापं ठरलेली असतात. ६० सेंटिमीटरची, ९० ची, १२० ची असं लांबीवरून बोलतात. ९० ची टाकी म्हणजे बहुधा ९० बाय ४५ बाय ४५, आणि १२० ची घरगुती मोठी टाकी म्हणजे १२० बाय ६० बाय ६०. ही मापं कुणीतरी कंटाळून ठरवलेली नाहीत. दुकानातले दिवे, स्टँड, झाकणं सगळी त्यावरच बेतलेली असतात, आणि ६० उंचीच्या पुढे जायचं नाही याला कारणं आहेत. मला ती कारणं कमी महत्त्वाकांक्षी माणसांसाठी वाटली. मी १२० बाय ६० बाय ७५ सांगितली. पंधरा सेंटिमीटर जास्त, त्यात काय मोठंसं.

त्यात हे होतं. पाण्याचा दाब टाकीत एकूण किती पाणी आहे त्यावर ठरत नाही, खोलीवर ठरतो. टाकी काठोकाठ भरली असं धरलं तर १२० लांबीच्या पुढच्या भिंतीवर ६० उंचीला साधारण २१६ किलोचा रेटा येतो, ७५ ला ३३७ किलोचा. उंची पावपट वाढली, रेटा दीडपटीच्या वर गेला. हे गणित मी आता लिहितोय ते एका कागदावर तीन ओळींत बसतं. तेव्हाही बसलं असतं.

टाकी बनवणारा सायतामातल्या एका छोट्या कारखान्याचा मालक होता. त्यानं फॅक्सवर नकाशा पाठवला. वरच्या काठाला चारी बाजूंनी आत वळलेली रुंद पट्टी, जिला तिथं फ्लँज म्हणतात, आणि मध्ये पुढच्या-मागच्या भिंतींना बांधणारी आडवी पट्टी. मला ते दोन्ही नको होतं. वरून बघताना पाण्याचा पृष्ठभाग मोकळा दिसला पाहिजे, असा माझा आग्रह. मी लाल पेननं दोन्हींवर काट मारली आणि फॅक्स परत पाठवला. त्याचा फोन आला. पट्ट्या काढायच्या तर जाडी २५ मिलिमीटर घ्या, म्हणाला. त्यानं सांगितलेला भाव ऐकून मी १५ वर आलो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, मग एका कागदावर सही करावी लागेल. वाकण्याची, गळण्याची हमी कारखाना देणार नाही, असा तो कागद. मी सही केली. त्या माणसावर माझा आजही काही आक्षेप नाही. जे सांगायचं ते त्यानं दोनदा सांगितलं होतं.

आम्ही निशी-कासाईत चौथ्या मजल्यावर राहत होतो. हा तोझाई लाइनवरचा भारतीयांचा मोहल्लाच, तेव्हाही होता. टाकी आली तेव्हा कळलं की ती लिफ्टमध्ये मावत नाही. जपानमधल्या अनेक निवासी इमारतींच्या लिफ्टला मागच्या भिंतीत खाली एक कुलूपबंद कप्पा असतो, रुग्णाचं स्ट्रेचर आडवं नेता यावं म्हणून. इमारतीच्या व्यवस्थापकानं किल्ली आणून तो उघडला आणि माझी टाकी त्यातून वर गेली. व्यवस्थापकानं विचारलं, भरल्यावर वजन किती होईल? मी सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पत्रपेटीत एका कागदाची झेरॉक्स पडली. इमारतींच्या नियमांत राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला १,८०० न्यूटन, म्हणजे साधारण १८० किलो भार धरलेला असतो. माझ्या टाकीत साडेपाचशे किलो पाणी, ६० किलोचं अ‍ॅक्रिलिक, दगड, स्टँड आणि खालच्या सम्पमधलं, म्हणजे गाळणीच्या टाकीतलं पाणी धरून आठशेच्या वर वजन, तेही पाऊण चौरस मीटरवर. तो आकडा सबंध खोलीच्या हिशेबानं असतो, त्यामुळे जमीन लगेच कोसळत नाही. भिंतीलगत, तुळईवर ठेवलं तर भार वाटला जातो. टाकी मी मागची भिंत धरूनच ठेवली होती. पण तुळई कुठं आहे, हे व्यवस्थापकाला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं, तर ते पाणी भरून झाल्यावर.

पहिले सहा-आठ महिने लोक यायचे आणि वाहवा करायचे. टोकियोतल्या मराठी मंडळींत आमचं घर ‘ते प्रवाळवाले’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मला ते आवडत होतं. सोफ्यावर बसून बघितली तर टाकी खरोखर दृष्ट लागण्यासारखी दिसे. पण टाकीचा मालक सोफ्यावर थोडाच वेळ असतो. उरलेला वेळ तो स्टुलावर उभा असतो, बाह्या वर करून. माझा हात काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत सत्तरेक सेंटिमीटर भरतो. टाकी ७५ उंच. तळाशी मागच्या कोपऱ्यात काही पडलं, तर ते उचलायला मला बनियनवर उतरून, गाल पाण्याला लावून, लांब चिमट्यानं चाचपावं लागे. त्या दरम्यान आई मिरजेहून आली होती. तिनं एकदा हे दृश्य बघितलं आणि म्हणाली, “अरे, हात पोचत नाही तिथं कशाला ठेवतोस मग?” मी तिला उजेडाचं आणि प्रवाहाचं काहीतरी शास्त्र सांगितलं.

एका ऑगस्टमध्ये मिदोरी-इशीचा, म्हणजे अ‍ॅक्रोपोरा जातीच्या फांद्या फुटणाऱ्या प्रवाळाचा एक मोठा गुच्छ दगडावरून सुटून मागच्या कोपऱ्यात पडला. मी तो सोमवारी रात्री पाहिला. स्टूल काढायचं, दिवे वर उचलायचे, अर्धवट पाणी काढायचं, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी ठरवलं, रविवारी बघू. रविवारपर्यंत तो पांढरा पडला होता. सावलीत, दगडाला टेकून पडलेला प्रवाळ आतून कुजत जातो, आणि त्या कुजण्यानं शेजारच्यांचंही पाणी बिघडतं. शेजारचे दोन गुच्छ त्याच्यामागून गेले. प्रवाळ मेल्यावर दिसायला काही फार होत नाही. आधी रंग जातो, मग उरतो तो सांगाडा खडूसारखा. मी तो सांगाडा बाहेर काढायलाही पुढचा रविवार घेतला.

उंचीनं खिशालाही चाट लावली. तळापर्यंत उजेड पोचवायचा म्हणून २५० वॅटच्या मेटल हॅलाइडऐवजी ४०० वॅटचे दिवे लावले. त्यांनी पाणी तापायला लागलं म्हणून चिलर घेतला. चिलर पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, म्हणून एसी रात्रभर. टोकियोच्या उन्हाळ्यात कित्येक रात्री पारा २५ च्या खाली जात नाही, त्यामुळे ही साखळी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत अखंड. हिवाळ्यात उलटं. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाई, बंद घरात ते थंड भिंतींवर जमे, आणि फेब्रुवारीत कपाटामागे काळी बुरशी.

पंपाचा किस्सा वेगळाच. मी तो ओसाकातल्या एकाकडून जुना घेतला, स्वस्त पडला म्हणून. जपानच्या पूर्वेकडे वीज ५० हर्ट्झची आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, त्याचा हा वारसा. ओसाकात ६० वर फिरणारा पंप टोकियोत एक षष्ठांश हळू फिरतो, आणि पाणी किती उंच चढवेल ते वेगाच्या वर्गावर जातं, म्हणजे तीसेक टक्के कमी. खालच्या सम्पमधून माझ्या त्या उंच टाकीच्या काठापर्यंत पाणी चढायचं तर ती तीस टक्केच नेमकी हवी होती. पंप फिरत राही, वर पाण्याची बारीक धार येई. मी पंपाला दोष दिला, पाइपांना दोष दिला, कोपरे बदलले. जवळजवळ महिन्यानं पंपावरचं लेबल वाचलं.

सम्पचं तर न सांगितलेलंच बरं. तो मी घरी बनवला, होम सेंटरमधल्या साध्या शीटा कापून. साच्यातून दाबून काढलेल्या त्या एक्स्ट्रुडेड शीटांमध्ये आधीच ताण कोंडलेला असतो. कापताना करवतीखाली त्या वितळतात आणि सॉल्व्हंट लावल्यावर कडांना बारीक भेगा पडतात. दोन काचांमध्ये ओतून, हळूहळू घट्ट केलेली कास्ट शीट वेगळी असते आणि महागही. सम्पला कोण बघतं, असं म्हणून मी स्वस्तातली घेतली. सम्पला मग मीच बघत बसलो, खाली फडकं घेऊन.

अ‍ॅक्रिलिक वाकतं ते एका दिवसात नाही. रेटा कायम राहिला तर ते हळूहळू सैलावत जातं. यालाही इंजिनिअरिंगमध्ये नाव आहे आणि त्यावरही मला मार्क होते. टाकी भरली त्या दिवशी पुढची भिंत वरच्या काठाला मध्यभागी जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर आली होती. वर्षभरात ती सव्वा सेंटिमीटरवर गेली. मला ते पट्टी लावून कळलं नाही, झाकण निसटलं तेव्हा कळलं. मापात कापलेलं झाकण एका कडेनं आत घसरलं, फट पडली, आणि सकाळी टाकीमागे जमिनीवर रॅस जातीचा एक लालभडक मासा वाळून पडलेला सापडला. हे मासे घाबरले की उडी मारतात. मी झाकणाला क्लिपा लावल्या. भिंतीचं काही केलं नाही. काय करणार होतो? टाकी रिकामी करून वर पट्टी बसवायची म्हणजे सगळं पहिल्यापासून. ते सुट्टीत करू, असं मी बायकोला म्हणालो, आणि ती म्हणाली, “बघ बुवा.”

११ मार्च २०११ च्या शुक्रवारी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी मी निहोनबाशीच्या ऑफिसात होतो. भूकंप टोकियोपासून खूप दूर, तोहोकूच्या किनाऱ्याबाहेर झाला, पण टोकियोत तो काही मिनिटं थांबेना. आधीचे भूकंप खडाखड हलवून संपायचे. हा संथ, लांब झोके देत राहिला. त्या झोक्यांबद्दल मी नंतर गणित केलं. १२० सेंटिमीटर लांबीच्या टाकीतलं पाणी एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊन परत यायला साधारण सव्वा सेकंद घेतं. जमीन त्याच्या आसपासच्या लयीत हलायला लागली, की दर झोक्याला लाट वाढत जाते. फ्लँज त्यासाठीही असतो. भिंतीला चढलेली लाट त्या आत वळलेल्या पट्टीवर आपटून परत टाकीत पडते. माझ्या टाकीला काठ मोकळा होता, पृष्ठभाग छान दिसावा म्हणून.

फोन लागत नव्हते. मेल जात होते, तेही उशिरानं. मी बायकोला जो पहिला मेल पाठवला तो असा होता: ‘टाकी ठीक आहे का?’ ती आणि चार वर्षांचा मुलगा घरीच होते. मी गृहीत धरलं होतं की ते ठीक असणार, घर काँक्रीटचं आहे. शंका फक्त टाकीची होती. असं मी नंतर समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या समजावण्याचा उपयोग झाला नाही आणि व्हायलाही नको होता. गाड्या बंद होत्या. हजारो लोकांबरोबर चालत एताई पूल ओलांडून रात्री घरी पोचलो. गॅसचा मीटर आपोआप बंद पडला होता. टाकीतलं शंभरेक लिटर पाणी बाहेर गेलं होतं. बायकोनं सगळे टॉवेल, चादरी, मुलाची जुनी दुपटीसुद्धा जमिनीवर पसरली होती आणि ती मुलाला घेऊन पलंगावर बसली होती. टाकी फुटली नव्हती. अ‍ॅक्रिलिकचं एवढं मात्र मानायला हवं. ते वाकलं, झुललं आणि परत जागेवर आलं.

पाणी मात्र फरशीखालून तिसऱ्या मजल्यावर गेलं होतं. खाली एक वयस्कर बाई एकट्या राहत. त्यांच्या भिंतीतल्या ओशिइरेत, म्हणजे गाद्या ठेवायच्या कपाटात, खारं पाणी उतरलं, गाद्या भिजल्या, छताचा कागद सुटला. भूकंपानं झालेलं नुकसान आमच्या विम्यात बसत नव्हतं. मी मिठाईचा डबा घेऊन खाली गेलो, कमरेत वाकलो आणि खर्च देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, एवढा मोठा भूकंप झाला, त्याला तुम्ही काय करणार. माझीही भांडी फुटलीच की. दुरुस्तीचे पैसे मी दिले, ते त्यांनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर घेतले. लाल पेननं मारलेल्या त्या दोन काटांबद्दल मी काही बोललो नाही. पट्टी असती तर सगळं पाणी थांबलं असतं असं नाही, पण बरंचसं थांबलं असतं, हे मला त्यांच्या दारात उभं असतानाच माहीत होतं. त्या पुढे दोन वर्षांनी मुलाकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आमच्या मुलाला ओरिगामीचे कागद दिले. तेव्हाही मी बोललो नाही.

दुसरी टाकी १२० बाय ६० बाय ६० ची घेतली, चांगल्या रुंद फ्लँजची. खालच्या मजल्यावर पैसे गेल्यामुळे जुनी घेतली. आमच्या गावातल्या लोकांना हे सगळं सांगितलं की ते विचारत, एवढा खटाटोप करण्यापेक्षा मालवणहून का नाही नेत प्रवाळ? नेता येत नाहीत. भारतात प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्रेंच्या नावानं ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळपट्टा आहे. मराठी माणसानं आपलं प्रवाळप्रेम तिथं पाणबुड्या होऊन भागवावं. ओकिनावातही समुद्रातून प्रवाळ काढायला बंदीच आहे. माझ्याकडचे सगळे गुच्छ टाकीत वाढवलेल्या तुकड्यांवरून आलेले होते. त्यामुळे मेलेल्यांचा दोष निसर्गावर ढकलायचीही सोय नव्हती.

या टाकीचं मी बरंच बरोबर केलं. चुका बारीक होत्या. आतून शेवाळ काढायच्या चुंबकी घासणीत एकदा वाळूचा कण अडकला आणि मी तशीच ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. काचेवर कदाचित काही झालं नसतं. अ‍ॅक्रिलिकवर हातभर लांब ओरखडा, आणि तोही आतल्या बाजूला, जिथं पाणी काढल्याशिवाय पॉलिश करता येत नाही. तो ओरखडा नऊ वर्षं माझ्या नजरेसमोर होता. पाहुण्यांना तो दिसत नसे, मला दुसरं काही दिसत नसे.

घराजवळच कासाई रिंकाई मत्स्यालय आहे, १९८९ सालचं. तिथं मी जास्त जायला लागलो. तिथली टूना माशांची टाकी मेदूवड्याच्या आकाराची आहे, मध्ये माणसं आणि भोवती २,२०० टन पाणी. टूना सतत पोहत राहिला तरच जगतो, म्हणून त्याला कोपरा असून चालत नाही. पूर्वी मी त्या टाकीसमोर उभा राहून दृश्य बघायचो. आता तिचा आकार बघायला लागलो. २०१४ च्या अखेरीस तिथले मासे मरायला लागले आणि मार्चपर्यंत दीडशेहून जास्त माशांमधला एक टूना उरला. बरीच तपासणी झाली, एकच एक कारण ठामपणे हाती लागलं नाही. तो एकटा मासा भल्यामोठ्या कड्यात फिरत असे आणि शाळेची मुलं काचेला नाक लावून त्याची पाळी यायची वाट बघत. जूनमध्ये त्यांनी नवे मासे सोडले.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे आणीबाणी जाहीर झाली. घरात येणारी प्रत्येक वस्तू मी अल्कोहोलनं पुसत होतो. दाराच्या मुठी, रिमोट, किल्ल्या, आणि रोज सकाळी टाकीची पुढची भिंत, कारण मुलगा ऑनलाइन शाळेच्या मधल्या सुट्टीत तिला हात लावून उभा राहायचा. काही आठवड्यांनी निळ्या दिव्यात तळाच्या सांध्याजवळ चंदेरी केसांसारख्या रेघा दिसायला लागल्या. मला वाटलं बाहेरचे ओरखडे असतील. पॉलिश केलं, गेले नाहीत. पॉलिश करताना आधी तिथं मी पुन्हा अल्कोहोल लावलं, पृष्ठभाग स्वच्छ हवा म्हणून.

ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की त्यात बारीक भेगा फुटतात. प्लास्टिकवाला कुणीही हे सांगेल. त्याच दिवसांत शहरभरच्या दुकानांनी काउंटरवर लावलेले अ‍ॅक्रिलिकचे पडदे पुसून पुसून कडांना असेच धुरकट झाले होते आणि मी ते रोज बघत होतो. माझी टाकी मात्र मला त्या पडद्यांच्या नात्यातली वाटली नाही. रेघा सांध्याच्या दिशेनं सरकायला लागल्या तेव्हा सायतामाच्या त्याच कारखान्यात फोन केला. आता मालकाचा मुलगा बघत होता. त्यानं फोटो मागवला आणि पाचच मिनिटांत उलट फोन केला: पाणी आजच काढा. रात्री दोनपर्यंत प्रवाळ न्हाणीघरातल्या टबात, बादल्यांत, भाजीच्या क्रेटमध्ये. आंघोळी आठवडाभर बेसिनवर. बहुतेक प्रवाळ वाचले. दुसऱ्या टाकीतला सगळ्यात जुना गुच्छ, ज्याच्यावरून मी तुकडे काढून मित्रांना देत आलो होतो, तो वाचला नाही. पण त्याचे तुकडे तीन घरांत होते, त्यातला एक परत मिळाला.

तिसरी टाकी त्या मुलानंच बनवली. १२० बाय ६०, उंची ४५. जाडी २० मिलिमीटर, कास्ट शीट, सांधे सॉल्व्हंटनं नाही तर अ‍ॅक्रिलिकचाच द्रव भरून घट्ट केलेले, आणि जोडल्यावर भट्टीत मंद आचेवर ठेवून ताण काढलेला. फ्लँज दहा सेंटिमीटर रुंद, मध्ये आडवी पट्टी. नकाशा या वेळी ईमेलनं आला. मी त्यात काहीच बदललं नाही, तरी त्यानं विचारलंच, वरच्या पट्ट्या चालतील ना? वडिलांनी बहुधा काहीतरी सांगून ठेवलं असावं. टाकी घरी आली तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, ही आंघोळीची वाटते.” खरं आहे, सोफ्यावरून ती ठेंगणी दिसते, आणि त्या आडव्या पट्टीची सावली वाळूवर पडते. पण माझं कोपर पाण्याबाहेर ठेवून मी तळ साफ करतो, आणि स्टूल कपाटावर गेलं आहे.

मागच्या वर्षी मंडळाच्या गणपतीत एक तरुण भेटला, बंगळूरूहून बदलून आलेला, योकोहामात स्वतःचं घर घेतलेला. त्याला प्रवाळांची टाकी करायची होती, १८० लांबीची आणि ७५ उंच. मी त्याला विचारलं, तुझा हात किती लांब आहे? तो हसला. मी तुळईचं विचारलं, पट्ट्यांचं विचारलं, वरच्या सगळ्या हकिगती सांगितल्या, अगदी खालच्या मजल्यावरच्या बाईंसकट. त्यानं मन लावून ऐकलं, दोन-तीन गोष्टी फोनमध्ये लिहूनही घेतल्या. दिवाळीत त्यानं टाकी बघायला बोलावलं. १८० बाय ६० बाय ७५. सुरेख दिसत होती, खोटं कशाला बोलू. मी कौतुक केलं, चहा घेतला, आणि तो स्वयंपाकघरात गेल्यावर उठून वरचा काठ बघून घेतला. फ्लँज होता. आडव्या पट्ट्याही होत्या, एक सोडून दोन. निघताना त्यानं विचारलं, तुमच्याकडे एक उंच स्टूल होतं म्हणालात ना, ते वापरात नसेल तर मिळेल का?